आजोबांचा चाकू आणि अठरा हजारांची ‘बुलेट’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“वय ३८, राहणार कोल्हापूर, नोकरी बँकेत. आजोबा शाळामास्तर होते. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत दोन पात्यांचा, घडीचा इंग्रजी चाकू सापडला. घरात त्याला ‘रॉजरचा चाकू’ म्हणायचे. तिथून मला नाद लागला. दोन वर्षांत जुने-नवे मिळून चौदा चाकू झाले. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाकडून १९२३ सालचा अमेरिकन ‘रेमिंग्टन बुलेट’ १८ हजारांना घेतला. बघताक्षणी मित्र म्हणाला, हा नकली आहे, फसलास. तेव्हापासून झोप नाही. बायकोला आकडा सांगितलेला नाही. आई म्हणते, घरात पात्यांचा साठा नको, अशुभ असतं. आजोबांचा चाकू काळवंडलाय, तांबेऱ्याचे ठिपके आहेत. तो बफिंगला देऊन नव्यासारखा करावा का? आणि हे सगळं कायद्यात बसतं ना? सोबत फोटो, आणि पात्यांवरच्या अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेले ठसे. – मास्तरांचा नातू”

नमस्कार मास्तरांचे नातू,

पुढचं सगळं सावकाश वाचा, आधी उठून एक काम करा. फोटोतल्या डब्यात डावीकडून तिसरा, पिवळट मुठीचा चाकू आहे ना, तो बाहेर काढा. मूठ अंगठ्याने दहा-बारा वेळा खसाखसा घासा आणि नाकाशी धरा. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे. प्लॅस्टिकच्या या पहिल्या भावंडात खरोखरच कापूर असतो, आरतीच्या तबकातला तोच. दिसायला फार देखणं, म्हणून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चाकूंच्या मुठींना ते सर्रास वापरायचे. पण म्हातारपणी ते कुजतं. कुजताना त्यातून वाफा निघतात, त्यांना दमट हवा मिळाली की आम्ल तयार होतं, आणि ते स्वतःच्या पात्याबरोबर शेजाऱ्यांचीही पाती खातं. तुमच्या फोटोत त्याला चिकटून ठेवलेल्या चाकूच्या पात्यावर तांबूस डाग आहे. तो पावसाळ्याचा आहे असं तुम्ही लिहिलंय. मला तो या पिवळ्या शेजाऱ्याचा वाटतो. त्या पिवळ्याला हवा खेळेल अशा जागी एकटा ठेवा. आंबूस वास येत असेल, मूठ चिरत किंवा भुसभुशीत होत असेल, तर त्याची आशा सोडा.

आता बुलेट. (दारात उभी करतात ती नव्हे.)

रेमिंग्टन ही मुळात बंदुका आणि काडतुसांची कंपनी. पहिलं महायुद्ध संपलं, सरकारी मागणी आटली, कारखाना आणि माणसं हाताशी राहिली. म्हणून त्यांनी १९२० मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टला खिशातले चाकू करायला घेतले आणि १९४० मध्ये ते काम बंद केलं. वीस वर्षांचा कारभार. त्यातल्या शिकाऱ्यांसाठीच्या काही मोठ्या चाकूंच्या मुठीत काडतुसाच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवलेला असायचा, त्यावरून ‘बुलेट’ हे नाव पडलं. तुमचा आहे तो ‘आर ११२३’ हा नमुना, दोन लांब पात्यांचा. सापळे लावून जनावरं धरणारे आणि त्यांची कातडी काढणारे लोक असा चाकू वापरायचे. संग्राहकांनी या बुलेटना डोक्यावर घेतलं. ते पाहून रेमिंग्टननेच १९८२ मध्ये ‘आर ११२३’ पुन्हा बाजारात आणला आणि पुढे दरवर्षी एकेक जुना नमुना नव्याने काढत गेली. शिक्काही जुन्याच धाटणीचा, गोल. त्यामुळे ‘शिक्का बघा, अस्सल आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य खरंच आहे. फक्त त्यावरून साल ठरत नाही.

साल मुठीवरून ठरतं. जुन्या ‘आर ११२३’ची मूठ हाडाची. ८२ नंतरच्या सुरुवातीच्या चाकूंची डेलरिनची, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची. तुमच्या गावातल्या एखाद्या घड्याळजीकडे जा, तो डोळ्याला लावतो ते भिंग पाच मिनिटं मागून घ्या आणि मुठीकडे उजेडात बघा. हाड असेल तर त्यात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतील. जिवंतपणी तिथून रक्तवाहिन्या जात होत्या. हाडावरच्या खाचा यंत्राने कोरलेल्या, त्यामुळे खाचेचा तळ आणि वरचा भाग यांची झिलई वेगळी. पिनांभोवती बऱ्याचदा केसासारखी चीर. तुम्ही पाठवलेल्या जवळच्या फोटोत ठिपका एकही नाही. खाचेचा तळ माथ्याइतकाच चकचकीत आहे. आणि पिनांभोवती शंभर वर्षांत काहीच घडलेलं नाही.

दुसरी जागा म्हणजे पातं मिटतं ती फट. शंभर वर्षं खिशात राहिलेल्या चाकूच्या त्या फटीत तंबाखू, कापसाचे धागे, वाळलेलं तेल असा काळा कीट बसलेला असतो. तुमचा आतून घासलेल्या भांड्यासारखा आहे. कुणी म्हणेल, न वापरलेला असेल. असू शकतो. पण १९२३ चा न वापरलेला बुलेट तुम्हाला अठरा हजारांत कुणी दिला नसता हो! जाणता विकणारा तर नाहीच, आणि या माणसाला साल पाठ होतं म्हणजे तो अजाण नव्हता.

तेव्हा फोटोवरून माझं मत असं, की तुमच्याकडे १९८२ किंवा त्यानंतरचा, कंपनीनेच काढलेला पुनर्निर्मित चाकू आहे. तुमचा मित्र त्याला ‘नकली’ म्हणतो ते चूक. नकली म्हणजे कुठल्यातरी निनावी चाकूच्या पात्याच्या बुडाशी महागडं जुनं नाव ठोकायचं, मग आम्लात बुडवून ते काळवंडवायचं, मोडलेल्या दोन चाकूंचा एक करायचा आणि ‘वाड्यात सापडला’ म्हणून विकायचा. तुमचा चाकू खोटं बोलत नाही. त्याच्या वतीने विक्रेता बोलला. हाच चाकू हेच पैसे घेऊन ‘८२ नंतरचा आहे’ असं सांगून दिला असता, तर तुम्ही फार तर महाग घेतला असता, एवढंच.

त्यामुळे मी चाकूवर नाही, त्या माणसावर काम करीन. त्याने फोनवर ‘१९२३ चा’ असं लिहून पाठवलंय का, ते शोधा. असेल तर भिंगातून काढलेले दोन फोटो पाठवा आणि शांतपणे लिहा की वर्णन चुकलंय, चाकू परत घ्या किंवा फरक द्या. शिवीगाळ नको, ‘तुम्हालाही कुणीतरी फसवलं असेल’ अशी पळवाट त्याला ठेवा. लोक पळवाटेतून पैसे परत करतात, आरोपातून करत नाहीत. काहीच लेखी नसेल तर गेले ते पैसे शिकवणीचे.

माझी शिकवणी बरीच आधी झाली. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ‘व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा’ म्हणून एक शेफिल्डचा, म्हणजे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्रजी शहरातला, चाकू मी घासाघीस करून घेतला आणि घरी येईपर्यंत तो खिशात कुरवाळत होतो. रात्री दिव्याखाली पात्यावरची अक्षरं वाचली, त्यात ‘स्टेनलेस’ असा स्वच्छ शब्द होता. शेफिल्डच्या हॅरी ब्रियर्लीने ते गंज न धरणारं पोलाद केलं १९१३ मध्ये, आणि राणी वारली १९०१ मध्ये. दोन सालं माहीत असती तर पैसे वाचले असते. आणि वाईट याचं वाटलं की अक्षरं बाजारातही तिथेच होती, मी वाचली नव्हती.

म्हणून बुडाशी काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मुठीच्या प्रेमात नंतर पडायचं. ‘इंग्लंड’, ‘जर्मनी’ असं देशाचं नाव असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. अमेरिकेच्या ‘केस’ कंपनीचं तर पंचांगच आहे. १९६४ पर्यंत नावापुढे नुसते दोन ‘एक्स’, ६५ ते ६९ त्याखाली ‘यूएसए’, आणि १९७० पासून दहा ठिपके, दरवर्षी एक कमी. ठिपके मोजले की साल निघतं.

आता आजोबांच्या चाकूकडे येतो. इथे मला जरा जड जातंय.

तुमचा पेन्सिलीचा ठसा उत्तम आलाय. फोटोपेक्षा बरा. त्यामुळेच मी भिंग घेऊन तीनदा वाचला. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सच्या नावात ‘जी’च्या आधी ‘डी’ असतो. तुमच्या ठशात तो नाही: आर, ओ, आणि लगेच जी. रॉजर्सची निशाणी म्हणजे एक चांदणी आणि शेजारी माल्टाचा क्रूस, चार रुंद पाकळ्या मध्याशी जुळल्यासारखा. अठराव्या शतकापासूनची ती त्यांची खूण. तुमच्या ठशात चांदणी आहे, पण शेजारी सहा पाकळ्यांचं फूल आहे. आणि खऱ्या मालावर बरेचदा ‘६, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ता, राजाराणीचं आद्याक्षर, मुकुट असं काहीबाही असतं, ते इथे काहीच नाही.

रॉजर्स हे नाव इतकं मोठं होतं की त्याची नक्कल हा स्वतंत्र धंदा होता. १८४० च्या दशकात शेफिल्डमधल्याच दुसऱ्या एका कारखानदाराविरुद्ध त्यांना यासाठी कोर्टात जावं लागलं. पुढे जर्मन मालावरही ‘शेफिल्ड’ छापून येऊ लागलं, तेव्हा ब्रिटनने १८८७ मध्ये खोट्या व्यापारचिन्हांविरुद्ध कायदा केला आणि १८८९ मध्ये तसाच इथे आला. कायदा आला म्हणून नक्कल थांबली असं मात्र झालं नाही. इंग्रजी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ‘रॉजर’ म्हणून सांगायचा, गिऱ्हाईक चांदणी बघून घ्यायचं.

म्हणजे झालं काय बघा. ज्याला मित्र नकली म्हणाला तो अमेरिकन चाकू अस्सल कंपनीचा, आणि पेटीतला ‘रॉजर’ बहुतेक रॉजर नाही. तुम्ही एका चाकूबद्दल विचारलंत, मी दुसऱ्याबद्दल सांगून बसलो.

पण फोटोत आणखी एक गोष्ट आहे. मोठं पातं जवळपास पूर्ण आहे, झिजलंय ते लहान पातं. आणि तेही टोकाकडे नाही, बुडाजवळ, करंगळीच्या पेराएवढ्या भागात अर्धचंद्रासारखं आत गेलंय. भाजी, सुपारी, सुतळी कापून पातं तिथे झिजत नाही. तिथे जोर लावून काहीतरी टणक आणि बारीक रोज तासलं गेलंय. मास्तर होते म्हणालात. माझी पैज बोरूच्या लेखणीवर आहे. इंग्रजीत अशा चाकूला पेननाइफ म्हणतात ते पिसाच्या लेखण्या तासण्यावरून. आपल्याकडे पीस नव्हतं, बोरू होता, काम तेच. बुडाने जोरात तिरकं छाटायचं, टोकाने मधली चीर पाडायची. पुस्ती गिरवणाऱ्या वर्गाचे बोरू रोज तासले तर किती वर्षांत एवढा अर्धचंद्र पडेल, हा हिशोब तुम्ही बँकेतले आहात, तुम्हीच करा. घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा.

हा अर्धचंद्र बफिंगवाला पाच मिनिटांत पुसून टाकील. कडा गोल होतील, अक्षरं आधीच उथळ आहेत ती जातील, आणि हातात एक चकचकीत, मुका चाकू येईल. तेव्हा बफिंग नाही, सँडपेपर नाही, चिंच-मीठही नाही. सायकलवर धार लावत फिरणारा येतो त्यालाही देऊ नका, तो सगळं पातं सरळ करून देईल आणि वर कौतुकाची अपेक्षा करील. पात्यावरचा राखाडी-निळसर काळेपणा हा गंज नव्हे. साध्या पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापराने तो चढतो आणि पात्याला राखतो. वाईट ते तांबडे ठिपके तेवढे. त्यांच्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब टाका, एक दिवस तसंच ठेवा, मग दात कोरायच्या बांबूच्या काडीने हलक्या हाताने खरवडा, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसा. गेला नाही तर पुन्हा. आठवडा लागला तर लागू दे. सांध्यातही तेच तेल, एक थेंब. खोबरेल नको. घरात कुणीतरी सुचवेलच, पण ते खवट होतं, चिकटतं आणि थंडीत थिजतं. चामड्याच्या पाकिटात घालून ठेवायची हौसही सोडा, चामडं ओल धरतं.

आईंशी वाद घालू नका. वाद घालायचाच तर तुमच्याकडे मुद्दे भरपूर आहेत: बाळंतिणीच्या उशाशी सुरी कोण ठेवतं, नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार कोण देतं, खंडेनवमीला काय पूजतात. पण मुद्द्यांनी आई ऐकत नसते. येत्या खंडेनवमीला सासऱ्यांचा चाकू पाटावर ठेवायचं काम त्यांनाच द्या. फक्त ओलं गंध पात्याला नको, शेजारच्या सुपारीला लावायला सांगा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्राच्या यादीत येतं. घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तुमच्या चौदांतला एकही त्याच्या जवळपास नाही. पण जागेजागेचे वेगळे आदेश असतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे आणि गरारीचे (दात्यांवर करकरत उघडणारे) चाकू ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्यापासूनच धरलेत, आणि आपल्याकडेही सणावाराला, निवडणुकीला पोलिसांचे मनाई आदेश निघतात. तेव्हा संग्रह घरात ठेवा, मित्रांना दाखवायला खिशात घालून गावभर नेऊ नका, विमानात हातातल्या बॅगेत तर मुळीच नाही. खटक्याचा रामपुरी कितीही मोहात पाडो, त्याच्या वाटेला जाऊ नका. खुद्द रामपुरात २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय, हौस असेल तर तो बघून या. हस्तिदंती मूठ आणि सांबरशिंगाची मूठ, दोन्हींपासून लांब राहा. हस्तिदंताची देशांतर्गत खरेदी-विक्रीही १९८६ पासून बंद आहे, सांबरशिंगाचा व्यापारही वन्यजीव कायद्याखाली बंद, आणि ‘जुना आहे’ हे उत्तर तिथे पुरत नाही. शंका आली तर वकिलाला विचारा, मला नको.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो. चौदा चाकू, सहा देश, ना काळ एक ना नमुना एक. हा संग्रह नाही, ही गर्दी आहे. एक धागा धरा. मला विचाराल तर स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा चाकू घ्या, १९६१ पासून २००८ पर्यंत दिला जायचा तो, चंदेरी ॲल्युमिनियमच्या मुठीचा. दिखाऊ अजिबात नाही. पातं, टोच्या, डबा फोडायचं आणि बाटली उघडायचं, बस्स. पण प्रत्येकाच्या पात्याच्या बुडाशी सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. बुलेटच्या मानाने फार स्वस्तात मिळतो. आधी तुमच्या जन्मसालाचा शोधा, मग बायकोच्या.

बायकोवरून आठवलं. आकडा सांगा. अठरा म्हणजे अठराच, ‘दहा-बारा’ नको. आणि सांगताना चाकू हातात नसू दे.

बुलेटच्या डबीत एक चिठ्ठी टाका: ‘पुनर्निर्मित, १९८२ नंतरचा, इतक्याला घेतला, अमुक तारखेला.’ आजोबांच्या चाकूतही टाका: ‘रॉजर नव्हे, बोरूचा.’ तुमचा नातू पेटी उघडेल तेव्हा त्याला भिंग शोधत फिरावं लागणार नाही, आणि त्याच्याकडून घेणाऱ्यालाही.

ता. क. – कापराचा वास आलाच, तर तो पिवळा चाकू देवघराच्या कपाटात हलवू नका. सेल्युलॉइड ठिणगीलाही पेटतं.